द्राक्षाच्या ओलांड्यात पिठासारखा भुसा, पण खोडाला छिद्र नाही: खोडकिडाच आहे का?

कादवाकाठ, निफाड

नमस्कार मंडळी. आमची थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग, डॉगरिज खुंटावर (म्हणजे मुळाकडच्या दुसऱ्या जातीच्या वेलीवर) कलम केलेली, बारा वर्षांची. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर बाकी बाग एकसारखी फुटली, पण बांधाकडच्या ओळींत बरेच ओलांडे (खोडातून तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांद्या) मुकेच राहिलेत. जे फुटले त्यांची पानं पिवळट आणि पेरं आखूड. ड्रीपर तपासले, पाणी बरोबर पडतंय. काल एक ओलांडा करवतीनं कापला तर आतलं लाकूड खाऊन पोकळ केलेलं आणि पोकळीत बारीक भुकटी गच्च ठासलेली. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. वडिलांना माहीत असलेला खोडकिडा बुंध्याशी भुशाचा ढीग घालतो, तसा एका झाडाखाली नाही. दुकानात विचारलं तर म्हणाले, छिद्रात औषध सोडा. छिद्रच नाही तर सोडायचं कुठं?

दुसरं, माझा आतेभाऊ मिशिगनला असतो. तो म्हणतो, तिकडे अॅशच्या झाडांना भुंगेऱ्यासाठी थेट खोडात इंजेक्शन देतात. आपल्या वेलींना ते चालेल का?

मोहाडीचा शेतकरी, दिंडोरी

भाऊ, खोडकिडा म्हणून आपण ज्याला एकाच नावानं ओळखतो ते दोन वेगळे भुंगेरे आहेत. वडील म्हणतात तो सेलोस्टर्ना. तो बाभळीवरही असतो. त्याची अळी खोडाला भोक ठेवते आणि तिथून भुसा बाहेर ढकलते, म्हणून तो सापडतो. तुमच्याकडचा स्ट्रोमॅशियम दिसतोय. ह्याची अळी भुसा बाहेर टाकतच नाही, मागच्या मागं बोगद्यात दाबत पुढं जाते. साल शाबूत राहते आणि आत लाकडाचं पीठ होतं. बाहेर छिद्र दिसतं ते भुंगेरा उडून गेल्यावर.

आता ओळख कशी पटवायची ते सांगतो. सकाळी शांत वेळी बागेत जा आणि कात्रीच्या मुठीनं प्रत्येक ओलांड्यावर टकटक करत चला. निरोगी लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. खोडातून ओलांडा फुटतो त्या बेचक्यात आणि जुन्या छाटणीच्या वाळक्या खुंट्यांपाशी जास्त वेळ थांबा, कारण सुरुवात बहुतेक तिथूनच होते. तिथली सुटी साल हातानं सोला. मादी अंडी घालते ती ह्याच सालीखाली, आणि दिवसा भुंगेराही तिथंच दडून बसतो. बद्द वाजलेल्या प्रत्येक झाडाला रिबीन बांधून ठेवा.

एक विचारतो: त्या बांधावर जुनं लाकूड रचलंय का?

कादवाकाठ, निफाड

हो काका, आहे. मागं जुना प्लॉट काढला त्याची खोडं तिथंच रचलीत. आजीच्या बंबाला तेच सरपण जातं. आणि पुढच्या आठवड्यात वणीकडचे पाहुणे ट्रॅक्टर भरून न्यायला येणार आहेत.

मूळची गंगापूर रोडची, सध्या मिशिगन

दादा, तो ट्रॅक्टर जाऊ देऊ नका, एवढं कळकळीनं सांगते. मी इथं शहराच्या उद्यान विभागात झाडांचं काम बघते. अॅश पोखरणारा हिरवा भुंगेरा मूळचा चीन-कोरियाकडचा. इथं तो 2002 साली डेट्रॉइटच्या आसपास सापडला, पण तोवर आत शिरून त्याला बरीच वर्षं झाली होती. भुंगेरा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला शेकडो मैल नेलं ते माणसांनी, सरपणातून. कोट्यवधी झाडं गेली. ह्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे करते, झाड शेंड्याकडून वाळत येतं, आणि इंग्रजी डी अक्षरासारखी छिद्रं दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. सुतार पक्षी साल उचकटायला लागले की आम्ही आधी ते झाड तपासतो.

इंजेक्शनचं म्हणाल तर त्यात इमामेक्टिन बेंझोएट असतं. अॅश हे सावलीचं झाड, त्याचं फळ कुणी खात नाही. शिवाय शेंडा निम्म्याहून जास्त वाळलेला असेल तर इथंही इंजेक्शन देत नाहीत, झाड पाडतात.

मोहाडीचा शेतकरी, दिंडोरी

ताईंनी नेमकं सांगितलं. इमामेक्टिन आपण थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) फवारतो, पण फवारणीचा लेबल क्लेम, म्हणजे त्या वापराची नोंदणीकृत मंजुरी, आहे म्हणून तेच खोडात टोचायचं, असं होत नाही. खाण्याच्या मालाच्या वेलीत ते करू नका, रेसिड्यूत, म्हणजे औषधाचा अंश सापडून, माल अडकेल.

स्ट्रोमॅशियमची अळी वाळलेल्या लाकडातही जगते, काही वर्षंसुद्धा काढते. म्हणजे तुमचा ढीग हाच त्याचा कारखाना आहे, म्हणूनच बांधाकडच्या ओळी आधी गेल्या. पहिल्या पावसात भुंगेरे बाहेर पडायला लागतात, आणि मे निम्मा सरलाय. आजीच्या बंबापुरतं घराशी ठेवा, तेही पावसाआधी संपेल इतकंच. बाकीचं बागेपासून लांब नेऊन जाळा. पाहुण्यांना मी सांगितलं म्हणा, पण लाकूड देऊ नका.

रिबिनीचे ओलांडे आतलं लाकूड स्वच्छ, ओलसर लागेपर्यंत मागं कापा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि जवळची जोमदार फूट धरून नवा ओलांडा तयार करा. खोडच पोखरलं असेल तर ते काढून खुंटाची फूट वाढवा, ऑगस्ट-सप्टेंबरात नवं कलम भरता येईल.

सगळ्या बागेची सुटी साल पावसाआधी काढून घ्या. मजुरी लागते, पण ह्या कामाला दुसरं औषध नाही. पाऊस सुरू झाला की अंधार पडल्यावर प्रकाश सापळे लावा, खाली पाण्यात थोडं रॉकेल टाका. घरातल्या दोघांनी बॅटरी घेऊन खोडं बघत एक फेरी मारायची, तपकिरी भुंगेरा दिसला की धरून मारायचा. पोटात अंडी असलेली एक मादी मारली तरी पुढची किती झाडं वाचतात बघा. सालीखाली फवारायला मेटारायझियम (किडींना मारणारी बुरशी) वापरता येतं, पण ते दमट हवेतच चालतं. रासायनिक औषध वापरायचंच तर पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची चालू वर्षाची यादी बघून, मालाचा हंगाम नसतानाच.

कादवाकाठ, निफाड

पाहुण्यांना आताच फोन केला. थोडे नाराज झाले, पण त्यांचीही बाग आहे, ऐकलं. उद्या सकाळपासून टकटक सुरू करतो. काका, शेजाऱ्याची बाग बांधाला लागूनच आहे, त्यांनी साल काढली नाही तर?

मोहाडीचा शेतकरी, दिंडोरी

तर भुंगेरा तिकडून येणारच. कापलेला ओलांडा उभा चिरा आणि त्यांना नेऊन दाखवा. सापळे बांधावर दोघांच्या खर्चानं लावा.