प्रतिसाद: १९५६ची इंग्रजी आवृत्ती पाहून गोजिराला नावं ठेवू नका

वर तुम्ही लिहिलंय की जुना गॉडझिला पाहिला आणि 'नुसती मोडतोड, कथेत दम नाही' असं वाटलं. तुमची निराशा रास्त आहे, पण तुम्ही पाहिलात तो १९५६चा अमेरिकी सिनेमा. दिग्दर्शक इशिरो होंडा यांचा मूळ जपानी 'गोजिरा' (हे गॉडझिलाचंच जपानी नाव, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला महाकाय प्राणी) १९५४चा, ९६ मिनिटांचा. अमेरिकेत तो कापून ८० मिनिटांवर आणला आणि त्यातही रेमंड बरने साकारलेला पत्रकार नव्याने चित्रित करून घुसवला. तो बहुतेक वेळ बाजूला उभा राहून जे दिसतंय तेच सांगत बसतो.

माझा खरा राग जे कापलं त्यावर आहे. मूळ सिनेमात लोकलमधले प्रवासी बोलतात: किरणोत्सारी ट्यूना, आकाशातून पडणारी राख, आणि आता हा गोजिरा! त्यातली तरुणी म्हणते, नागासाकीतून कशीबशी वाचले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, त्यामुळे प्रेक्षकांना संदर्भ सांगावा लागला नाही. हा संवाद इंग्रजीत गायब! शेवटी सिनेमातले शास्त्रज्ञ डॉ. यामाने बजावतात की चाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा गोजिरा येईल. तेही उडवलं, आणि वर जग आता पुन्हा निर्धास्त जगू शकेल असा दिलासा चिकटवला. अर्थच उलटा केला हो!

कृपया मूळ जपानी, सबटायटल्ससह पाहा. संगीतकार इफुकुबेंचं संगीतही तिथे सलग ऐकायला मिळतं.