रात्रपाळीसाठी नवी भयकादंबरी सुचवा (बजेट 500 रु., धारप सोडून)

रात्रपाळी_टॉवेलवाला: नमस्कार मंडळी. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो, ऑफिसच्या टेबलावर. अकरानंतर फारसं काम नसतं. माग खडखडत असले की कसली भीती नाही. पण लाइट गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि मग आपणच उलटलेल्या पानाचा आवाज दचकवतो. त्या वेळेला पुरेल असं काही सांगा. भय, साहस, फॅन्टसी, विज्ञान, काहीही चालेल. फक्त मराठी हवं, 2015 नंतरचं हवं आणि 500 च्या आत बसावं. नारायण धारप वाचून झालेत, कृपया परत तेच नको.

शेंगाचटणी: धारप! दुसरं नावच घेऊ नका. ‘लुचाई’ वाचली का?

रात्रपाळी_टॉवेलवाला: दोनदा.

पुण्यात_अडकलेला: लिउ त्सशिनची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ घ्या. मूळ चिनी पुस्तक 2008 चं, इंग्रजीत 2014 ला आलं, 2015 ला विज्ञानकथेचं ह्यूगो पारितोषिक मिळालं. मी तिन्ही भाग हार्डकव्हरमध्ये घेतलेत, शेल्फवर काय दिसतात! एकदा वाचलं की बाकीचं सगळं पोरकट वाटतं.

बाळीवेशीतला: बजेट वाचलास का बे? आणि मराठी म्हणालाय तो.

होटगीरोडची_आक्का: भाऊ, विकत कशाला घेता? हिराचंद नेमचंद वाचनालयाचे सभासद व्हा. एका पुस्तकाच्या पैशात कितीतरी वाचून होतील, आवडलं नाही तर परत. माझ्या दोन्ही मुली तिथल्याच पुस्तकांवर वाढल्या. थोरली आता बंगलोरला आहे.

रात्रपाळी_टॉवेलवाला: आक्का, मी दिवसा झोपतो हो. आणि आमच्याकडे पानापानात सुताची तूस बसते, वाचनालयाचं पुस्तक त्या अवस्थेत परत कसं करू?

बाळीवेशीतला: शेंगाचटणी, ‘लुचाई’ म्हणजे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’, 1975 ची. आपली म्हणून मिरवू नका.

शेंगाचटणी: रूपांतर आहे ते, चोरी नाही. गाव, माणसं, बोलणं सगळं आपलं केलंय. किंग वाचून मला झोप लागते, धारप वाचून लागत नाही. विषय संपला.

बाळीवेशीतला: विषय तुमचा संपला असेल.

सेकंडहँड_शौकीन: फूटपाथवरचं स्वस्तातलं झेरॉक्स पुस्तक घेऊ नका, एवढंच सांगतो. मी घेतलं होतं. 160 नंतर थेट 177. अख्खा फर्मा गायब, आणि नेमका त्याच सोळा पानांत खून. घेताना चार ठिकाणी उघडून पानांचे नंबर बघा.

प्रयोगवहीवाले_सर: विज्ञान चालत असेल तर अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’, 2021. शाळेतला विज्ञानशिक्षक यानात जागा होतो, स्वतःचं नावही आठवत नाही, सोबतचे दोघे मेलेले. इंग्रजी आहे, पण वाक्यं छोटी आणि माणूस विनोदी. आमच्या नववीच्या पोरांनाही कळतं. मराठीच हवं तर नारळीकरांची ‘प्रेषित’. 2015 नंतरची नाही, माहीत आहे. पण सर मे 2025 मध्ये गेले तेव्हा मी परत काढली, एका बैठकीत संपली.

विजापूररोडकर: आजचा मराठी माणूस हवा तर हृषीकेश गुप्ते. ‘अंधारवारी’ कथासंग्रह आहे, कादंबरी समजून मागवू नका, मी फसलो होतो. पण तुमच्या कामाला कथाच बऱ्या. लाइट येईपर्यंत एक होते. ‘दंशकाल’ जाड आहे आणि सरळ भुताची नाही.

शेंगाचटणी: गुप्ते चांगले. पण धारप ते धारप.

कुंभारवेशीची_वाचक: माझी चूक कोणी करू नका. 2018 ला ‘तुंबाड’ सिनेमा बघून आले आणि दुसऱ्या दिवशी ‘तुंबाडचे खोत’ मागवलं. श्री. ना. पेंडशांचे दोन जाडजूड खंड. कोकणातलं एक घराणं, त्याच्या पिढ्यान् पिढ्या. सिनेमातला राक्षस हस्तर कुठाय, हस्तर कुठाय करत मी पानं चाळतेय! नंतर कळलं, सिनेमाने नाव तिथून घेतलंय आणि भुताची प्रेरणा धारपांच्या कथेची.

शेंगाचटणी: बघा. शेवटी धारपच.

पुण्यात_अडकलेला: तिसरा भाग तर पहिल्याहून भारी आहे.

रात्रपाळी_टॉवेलवाला: सगळ्यांचे आभार. रविवारी नवी पेठेत गेलो होतो. खिशात चिठ्ठी, चिठ्ठीवर गुप्ते आणि सरांचं इंग्रजी पुस्तक. दुकानात ताईंनी सांगितलेले ते दोन खंड समोरच होते. उभ्याउभ्या पहिली चार पानं वाचली आणि घेऊन आलो. बजेटची पार वाट लागली, बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही. भूत नाही, नवं नाही, ठाऊक आहे. काल दोन वाजता लाइट गेली तेव्हा मोबाइलच्या बॅटरीवर वाचत होतो. माग परत सुरू झाले ते वॉचमनने येऊन सांगितलं.

कुंभारवेशीची_वाचक: अहो, मी घेऊ नका म्हणाले होते!

बाळीवेशीतला: पहिला खंड झाला की देता का वो वाचायला? तूस चालेल.