पानगळीतली चराई: किती चारायचं, किती राखायचं?

प्रश्न (कुरण_३०):
हवामान थंड आहे. मांसासाठी पाळलेल्या ३० गाई, सगळ्या गाभण, वासरांचं दूध तोडलेलं, सरासरी वजन ५०० किलो. कुरणात टॉल फेस्क्यू आणि कॉक्सफूट ही थंड हवेतली बारमाही गवतं, मधेमधे क्लोव्हर हे शेंगवर्गीय चारापीक. शिवाय एक तुकडा लसूणघासाचा, एक सुदान गवताचा. गवताची वाढ थांबायला अजून अडीच महिने आहेत. सगळी फाटकं उघडून बर्फ पडेपर्यंत चारावं, की काही राखावं? राखलं तर रोज किती द्यायचं?

गवतकाडी:
राखाच, आणि त्यासाठी फेस्क्यूचा तुकडा निवडा. त्याच्या पानावर मेणचट थर असतो, त्यामुळे कडक थंडीतही ते बराच काळ हिरवं टिकतं. कॉक्सफूट गाईंना जास्त आवडतं, पण दव गोठायला लागलं की लवकर पिवळं पडतं. म्हणून ते आधी चारा.

राखायचा तुकडा आत्ताच ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत चारून किंवा कापून घ्या. जुन्या वाळक्या काड्या तशाच राहिल्या तर खालून येणारी कोवळी पानं त्यांतच मिसळतात आणि चाऱ्याचा कस उतरतो. मग हेक्टरी ४५ ते ६५ किलो नत्र, म्हणजे १०० ते १४० किलो युरिया. पाऊस येण्याच्या बेतात असेल तेव्हाच टाका. उबदार, ओलसर गवतावर नुसता पडून राहिला तर अमोनिया होऊन बराचसा उडून जातो. क्लोव्हर तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर युरिया टाकू नका, गवत जोरात वाढून क्लोव्हरला दाबून टाकतं. त्यानंतर ७० ते ८० दिवस फाटक बंद.

रोजचा हिशोब असा. वजनाच्या अडीच टक्के धरले तर गाईला साडेबारा किलो कोरडा चारा (पाण्याचा अंश वगळून धरलेलं वजन) लागतो, ३० गाईंना ३७५ किलो. दाट फेस्क्यूत उंचीच्या दर सेंटिमीटरमागे हेक्टरी साधारण १०० किलो कोरडा चारा धरा. गवत २५ सेंटिमीटर उभं असेल आणि खाली ८ सोडायचं असेल, तर हाती १,७०० किलो येतात. रोज झटका कुंपण (विजेची हलती तार) सरकवून नवा पट्टा दिला तर त्यातले दोन तृतीयांश पोटात जातात, म्हणजे जवळपास १,१५०. तेव्हा रोजचा पट्टा एक तृतीयांश हेक्टरचा. मोकळं सोडलंत तर निम्मंसुद्धा पोटात जात नाही. बाकीचं तुडवलं जातं आणि शेणामुताने खराब होतं.

पहिला पट्टा पाण्याच्या बाजूने द्या. पाण्यावर जाता-येता गाई चरलेल्या जागेवरून चालतील, पुढचं गवत तुडवणार नाहीत. वाढ थांबलेली असल्याने चरलेल्या जागेवर परत जाऊ न देणारं मागचं कुंपण लागत नाही.

खुरपीवाले:
सगळी फाटकं उघडू नका, त्याचं कारण जमिनीलगत दिसतं. कॉक्सफूटचा एक फुटवा बोटांनी उकलून बघा. तळाशी पानांच्या आवरणाचा फिकट, जाडसर भाग असतो. हिवाळा काढायची आणि वसंतात पहिलं पान फुटायची साखर त्यातच असते. मोकळ्या कुरणात गाई कोवळ्या जागी पुन्हा पुन्हा येतात आणि तोच भाग खाऊन टाकतात. मग वसंतात कुरण उशिरा उठतं, उघड्या जागी तण शिरतं. कॉक्सफूटला ८ ते १० सेंटिमीटर खुंट (चरून झाल्यावर उरलेली उंची) हवाच, फेस्क्यूला थोडा कमी चालतो.

गोठा_वैद्यक:
लसूणघास आणि सुदान गवताचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे चूक झाली तर जनावर मरतं.

लसूणघासाला मारक थंडीच्या, म्हणजे उणे ४ अंशांच्या आसपास पारा जाण्याच्या, आधी ४ ते ६ आठवडे चराई पूर्ण बंद. त्या काळात मुळांत अन्न साठतं. पीक थंडीने मेल्यावर चारता येतं, पण १५ सेंटिमीटर खुंट राखा आणि पहिले काही दिवस थांबा, तेव्हा पोटफुगीचा धोका जास्त असतो. गाई उपाशी सोडू नका, आधी वाळलेल्या गवताने पोट भरा.

सुदान गवतात दव गोठल्यावर हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटतं, कोवळ्या ज्वारीत असतं तेच. सगळं पीक मेल्यावर ७ ते १० दिवस थांबा. हलक्या थंडीने वरचा भाग करपून बुडातून नवे कोंब फुटले तर ते सगळ्यात घातक. गाई नेमके तेच शोधून खातात. आणि वाळवल्याने हे आम्ल कमी होतं, पण पिकात साठणारं दुसरं विषारी द्रव्य, नायट्रेट, कमी होत नाही. दुष्काळातून आलेलं किंवा नत्र भरपूर दिलेलं पीक असेल तर नायट्रेटची तपासणी करूनच चारा.

तिसरी गोष्ट: वाळक्या कुरणावरून एकदम हिरव्यागार फुटव्यावर नेऊ नका. गवतातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून पोटात एक द्रव्य तयार होतं, ते फुप्फुसांना सुजवतं. मोठ्या गाईंना १० दिवसांच्या आत धाप लागते, तोंडाला फेस येतो. अशा गाईला पळवलंत तर ती जागीच कोसळते. पहिल्या दिवशी दोन तासच सोडा, रोज वेळ वाढवत दहा-बारा दिवसांनी पूर्णवेळ.

कुरण_३०:
पट्टा कमी पडतोय की जास्त, हे कसं ओळखायचं?

गवतकाडी:
दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट मोजा. ८ सेंटिमीटरच्या खाली गेला असेल तर पट्टा वाढवा, १२ च्या वर राहत असेल तर कमी करा. शेणही बघा: पो सपाट, मधे खळगा असलेला, तर प्रथिनं पुरेशी आहेत. कडक, थरावर थर चढलेला दिसला तर कमी पडतायत, थोडा लसूणघासाचा वाळलेला चारा जोडा. पाऊस होऊन खूर रुतायला लागले की त्या दिवसांपुरतं सगळ्यांना एकाच तुकड्यात बांधून वाळलेला चारा द्या. राखलेल्या गवतात चिखल झाला तर उरलेलं गाई हुंगतही नाहीत.