मदत हवी आहे : 'बार' नको, 'गुत्ता' नको, मग काय लिहू?

सायली_भा : भाषांतरात एक शब्द अडलाय. इंग्रजीत पूर्वी गोरगरिबांच्या प्यायच्या जागेला म्हणायचे तसला. 'बार' अगदीच आजचा वाटतो, 'गुत्ता' संपादकबाईंनी खोडला. उद्या सकाळी प्रकरण द्यायचंय. पटापट सुचवा प्लीज.

खडूस_आजोबा : शब्द कोणता ते सांगाल का? इनमध्ये मुक्कामाची सोय, टॅव्हर्नमध्ये वाइन, एलहाउस म्हणजे बऱ्याचदा कुणाचं तरी राहतं घरच. शिवाय पॉटहाउस, जिनशॉप. काळ कुठला?

मालवणी_मेवा : एवढं काय त्यात? गोव्यात तावेर्न आहे की, पोर्तुगीजांपासूनचं. लाकडी बाकडं, समोर उर्राक. तेच घाला.

नितीन_७७ : बिअर शॉपीचं लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करायला किती खर्च येतो?

खडूस_आजोबा : वेगळा धागा काढा हो.

लातूरकर : गुत्ता का खोडला पण? गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. आमच्याकडे कंत्राटदाराला आजही गुत्तेदारच म्हणतात. दारूविक्रीचा गुत्ता, म्हणून दुकानही गुत्ता. बाईंना विचारा, चूक काय त्यात.

सायली_भा : किडलीविंक. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं कॉर्नवॉल, १८३० नंतरचं. लिहिलं नव्हतं का मी??

खडूस_आजोबा : नव्हतं. आणि सगळी मेख तिथेच आहे. १८३० च्या बिअर कायद्यानं घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही दोन गिनींत घरी बिअर विकायचा परवाना मिळायला लागला. जिन-ब्रँडीला मात्र मनाई. त्या किनाऱ्यावर तर चोरटी ब्रँडी यायची. ती म्हणे चुलीवरच्या किटलीत ठेवत. गिऱ्हाइकानं किटलीकडे बघून डोळा मारला की कपात ब्रँडी. शब्द त्यावरूनच आला हे मला मागाहून जुळवलेलं वाटतं, पण गोष्ट झकास आहे. म्हणजे गुत्ता नाहीच. गुत्त्यात उघड मिळते ती इथे चोरून.

लातूरकर : मग 'पिठा' म्हणा.

खडूस_आजोबा : पिठाही दारूचाच, बिअरचा नाही.

मालवणी_मेवा : तावेर्न!!

चहाबाज : मुंबईत दारूबंदीच्या वेळी आंटीचे अड्डे होते, घरातल्या घरात. 'अड्डा' चालेल.

सायली_भा : अड्डा म्हटलं की गुंड डोळ्यांपुढे येतात. इथे एका विधवेचं स्वयंपाकघर आहे, दोन बाकं, बस.

खडूस_आजोबा : हे पहिल्या ओळीत सांगायचं ना ताई!

सायली_भा : 'किडलीविंक' तसंच ठेवते, पहिल्या वेळी 'विधवेचं बिअरघर' असं जोडून. आणि आजोबा, आत्ता पान परत बघितलं. म्हातारा कोळी किटलीकडे बघून डोळा मिचकावतो आणि ती त्याचा कप भरते. मी 'तिनं त्याला चहा ओतला' असं करून ठेवलंय! तीन पानं पुढे तो झिंगतो तेव्हा मूळ लेखकच चुकला असं मला वाटलं होतं.

लातूरकर : ते सगळं ठीक. पण गुत्ता खोडायला नको होता.