कृषी विद्यापीठाच्या संशोधनाच्या पानावर आधी काय हवं: शिफारशी की शोधनिबंध?

बांधावरून
राज्यात चार कृषी विद्यापीठं: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. दरवर्षी चौघांची संयुक्त अ‍ॅग्रेस्को, म्हणजे संशोधन समितीची बैठक, भरते आणि नवे वाण, अवजारं, शिफारशी मंजूर होतात. विद्यापीठाच्या वेबसाइटवर 'संशोधन' उघडलं की सगळ्यात वर हेच दिसावं आणि मराठीत दिसावं, असं माझं ठाम मत आहे. क्षारपड जमिनीत कोणता ऊस लावावा हे मी गेल्या महिन्यात शोधत होतो. एका वेबसाइटवर आधी उद्घाटनाचे फोटो, मग निबंधांची इंग्रजी यादी, मग आडवी स्कॅन केलेली पीडीएफ. मोबाइलवर वाचता येईना, त्यात शब्द शोधता येईना. शेवटी कपाटातली जुनी कृषिदर्शनी, म्हणजे विद्यापीठाची छापील माहितीपुस्तिका, काढली. पाडेगाव ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ हा वाण दोन मिनिटांत सापडला. छापील पुस्तकाला जमतं ते इथे का नाही?

जुना ग्रंथपाल
मला हे पटत नाही. शेतकऱ्यापर्यंत पोचायला विस्तार शिक्षणाचा वेगळा विभाग आहे. निबंधांची यादी म्हणजे अडगळ नव्हे. आपल्या विषयावर आधी कोणी काय केलंय, हे नव्या विद्यार्थ्याला तिथूनच कळतं. प्रबंध 'कृषिकोश' या ऑनलाइन संग्रहात तरी जपले जातात, पण वेबसाइटचं डिझाइन बदललं की जुने दुवे मरतात, ते मी नोकरीभर पाहिलं. पैसा कायमच्या दुव्यांवर घाला.
आणि जुन्या कृषिदर्शनीचं म्हणाल, तर वाणापुरतं ठीक. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये बंदी घातली. त्याआधीच्या फवारणीच्या शिफारशींत ते नाव सर्रास यायचं. असा कागद पहिल्या पानावर पडून राहिला तर?

तिसरं वर्ष पीएचडी
सर, अडचण डिझाइनच्या आधीची आहे. पान अद्ययावत ठेवणं हे आमच्या विभागात कोणाचंच काम नाही. माहिती आम्ही पाठवतो, चढवतो संगणक कक्ष, आणि मधे ती कोणी वाचत नाही. म्हणून निबंधासोबत संशोधकानेच पाच ओळी मराठीत द्याव्यात: जमीन कोणती, हंगाम कोणता, चाचणी किती वर्षं, आणि कुठे लागू नाही. ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

जुना ग्रंथपाल
त्या पाच ओळी तपासणार कोण? निबंध दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासलेला असतो, या ओळी नसतील. 'क्षारपडीत तग धरतो' एवढंच वाचून कोणी निचऱ्याची सोय न करता ऊस लावला, तर नुकसान त्याचं होईल.

बांधावरून
म्हणूनच मी निबंधाचं सोपं रूप मागत नाहीये, शिफारस मागतोय. ती अ‍ॅग्रेस्कोत तज्ज्ञांनी चर्चा करून मंजूर केलेली असते, कोणत्या भागासाठी तेही ठरलेलं असतं. तेच शब्द साध्या मजकुरात वर ठेवा, खाली निबंधाचा दुवा द्या. निचऱ्याची अट त्यात असेल तर तीही दिसेल. आज ती दिसत नाही, म्हणून माणूस दुकानदाराला विचारतो.

जुना ग्रंथपाल
दुकानदाराचा मुद्दा मान्य. यादी खाली ढकलायला माझा अजूनही विरोध आहे, पण मंजूर शिफारस शब्दशः, वर्षासकट येणार असेल तर येऊ द्या. मागे घेतलेली शिफारस मात्र गुपचूप काढू नका. ती तिथेच राहू दे, वर ठळक लिहा: मागे घेतली, अमुक साली, अमुक कारणाने.