बाबांच्या शाखेला स्विफ्ट कोडच नाही, जर्मनीहून पैसे कसे मागवायचे?

माणदेशी_गडी: मंडळी जरा मदत हवीय. धाकटा भाऊ श्टुटगार्टला नोकरीला आहे, बाबांच्या खात्यावर पैसे पाठवायचेत. खातं सरकारी बँकेत, दहिवडीकडच्या छोट्या शाखेत. भावाचं तिकडचं बँकेचं ॲप आधी आयबॅन (तिकडचा आंतरराष्ट्रीय खाते नंबर) मागतं मग बीआयसी मागतं, पासबुकवर नुसता आयएफएससी, तो ११ अक्षरी आणि स्विफ्टपण ११ अक्षरी असतो म्हणे म्हणून तोच टाकला तर घेतच नाहीये. शाखेतले साहेब म्हणतात आमच्याकडे असला कोड नसतो. आता खातं साताऱ्याला हलवायचं की काय?

काउंटर_नंबर_४: खातं अजिबात हलवू नका. बीआयसी म्हणजेच स्विफ्ट कोड, परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा. पहिली ४ अक्षरं बँकेची, पुढची २ देशाची, मग २ ठिकाणाची, शेवटची ३ शाखेची आणि ती नसली तरी चालतं, म्हणून ८ अक्षरी कोडपण पूर्णच असतो. आयएफएससीत पाचवा कायम शून्य, स्विफ्टमध्ये तिथे देशाची अक्षरं लागतात, ॲप तिथेच अडतंय. साहेब खरंच बोलले, खेड्यातल्या बहुतेक शाखांना स्वतःचा स्विफ्ट नसतो. मुख्य ऑफिसचा किंवा जवळच्या फॉरेक्स (परकीय चलनाचं काम करणाऱ्या) शाखेचा टाकायचा, उदा. स्टेट बँकेचा एसबीआयएन-आयएन-बीबी. खाते नंबर बाबांचा पूर्ण, नाव पासबुकवर आहे तस्सं, आणि मेसेजच्या रकान्यात शाखेचं नाव नि आयएफएससी लिहायला सांगा, नाहीतर पैसे मुंबईत येऊन कुणाचे म्हणून पडून राहतात.

देरा_दुबई: आयबॅनच्या मागे लागू नका, भारतात तो प्रकारच नाही. आमच्या इकडे २३ अक्षरी असतो, जर्मनीत २२. भावाने बहुतेक युरोपातल्या ट्रान्सफरचा साधा फॉर्म उघडलाय, परदेशी ट्रान्सफरचा वेगळा असतो, त्यात देश भारत निवडला की आयबॅनच्या जागी नुसता खाते नंबर घेतं.
आणि कोड गूगलवरच्या कुठल्याही साईटवरून उचलू नका हो, तिथे अजून देना बँकेचे कोड सापडतात, ती २०१९ लाच बँक ऑफ बडोदात विलीन झाली. सिंडिकेट, आंध्रा, अलाहाबाद या बँकाही २०२० ला दुसऱ्या बँकांत गेल्या. बँकेच्या स्वतःच्या साईटवरून घ्या.

माणदेशी_गडी: खूप आभार दोघांचे! फॉर्म दुसराच उघडला होता हे बरोबर निघालं. आता तो विचारतोय चार्जेस कुणी भरायचे, तीन ऑप्शन दिसतायत.

काउंटर_नंबर_४: अवर म्हणजे सगळे भावाने, बेन म्हणजे सगळे बाबांच्या रकमेतून, शा म्हणजे ज्याचे त्याने. बहुतेक लोक शा घेतात पण मधली बँक असली की ती आपलं कापून घेते आणि आधी आकडा सांगत नाही, बाबांना पूर्ण रक्कम मिळायला हवी तर अवर. कारणाच्या रकान्यात घरखर्च लिहा, इकडे त्याचा पर्पज कोड पी१३०१ लागतो. टॅक्सची काळजी नको, मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर लागत नाही.

देरा_दुबई: दर महिन्याला थोडे थोडेच पाठवायचे असतील तर स्विफ्टच्या भानगडीत कशाला पडता? वाईजसारख्या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सर्व्हिसला खाते नंबर आणि आयएफएससी पुरतो, रुपये भारतातल्या भारतातच जमा होतात. रेट तेवढा दोन्हीकडचा ताडून बघा, बँका चार्ज कमी दाखवून रेटमध्ये काढतात.