खाऱ्या हवेतलं विणकाम: तुमचे अनुभव लिहा

परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. तळाशी आईच्या विणायच्या सुया निघाल्या, 10 नंबरच्या, जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळलेल्या. हात लावला तर बोटांना तांबूस भुकटी लागली. गुहागरला आमचं घर समुद्राला लागून, इथे दाराची कडी दहा वर्षं टिकत नाही, तिथे सुया कशा टिकाव्यात? त्याच पट्टीत बाबांनी बांबूची कामटी तासून केलेला क्रोशा होता. तो जसाच्या तसा. टोकाजवळ आईचं बोट जिथे टेकायचं तिथे छोटी खळगी पडली आहे. त्या खळगीत माझंही बोट नेमकं बसतं.

विणकाम म्हटलं की लोकांना सिमला आठवतं, लुधियाना आठवतं. कोकणात कुठे आली लोकर, असं मलाही कितीदा ऐकवलं गेलंय. पण आमच्या आळीत असं एक घर नव्हतं जिथे विणलेलं काही नाही. बाळाची कानटोपी, नैवेद्यावर झाकायचा मणी लावलेला रुमाल, मुंबईला निघालेल्या मुलीच्या हातातली पर्स. तुम्ही काय विणता, कशाचं, कुणासाठी, ते सविस्तर लिहा. फसलेलं तर नक्की लिहा.

मालवण

मी पिशव्या करते. पहिली पिशवी सुयांवर केली होती, 8 नंबरच्या, जाड सुती दोऱ्याची, साधी सुलट-उलट. दिसायला देखणी. आत्या बघून म्हणाली, "बरा झाला सूत घेतलंस, हय इतक्या उकाड्यात लोकर कशाक गो?" बाजारात गेले, पाच नारळ घेतले आणि घरी येईपर्यंत पिशवी गुडघ्याखाली लोंबत होती. सुयांवरची वीण म्हणजे एकात एक अडकवलेले फासे, वजन आलं की ते उघडत जातात. स्वेटरला तोच गुण हवा असतो, पिशवीला नको.

तेव्हापासून पिशवी फक्त क्रोशाने, मुक्या खांबांची, म्हणजे बुटक्या टाक्यांची, घट्ट. तळापासून सुरुवात: 30 साखळ्या, मग साखळीच्या दोन्ही बाजूंनी फिरत खांब घालायचे आणि दोन्ही टोकांना एकाच घरात तीन-तीन, म्हणजे तळ लांबट गोल होतो. चार-पाच फेऱ्यांनी तळ हवा तेवढा झाला की वाढवणं थांबवायचं, भिंती आपोआप उभ्या राहतात. साधारण 300 ग्रॅम दोरा लागतो. पट्टा मात्र नुसत्या दोऱ्याचा कधीच करू नका, आतून कापडी पट्टी शिवून घ्या. माझ्या पहिल्या दहा पिशव्यांचे पट्टे सहा महिन्यांत ताणले गेले, घेणाऱ्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही पण परत कुणी मागितली नाही, यावरून मी समजले.

2018 साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा एकदम मागणी वाढली. मासळीसाठी सुती पिशवी मी देतच नाही. सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, वास सुतात शिरला की निघत नाही.

हर्णै

मासळीच्या पिशवीचं मी सांगतो. मी पुरुष माणूस, लोकरीचं काम माझं नाही, पण हात जाळ्यावर बसलेला आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा घरात जाळीच विणायची. उरलेल्या नायलॉनच्या दोऱ्याच्या मी पिशव्या करतो. आमच्या कामात फास्यात फासा नसतो, प्रत्येक आसाला, म्हणजे जाळ्याच्या भोकाला, स्वतंत्र गाठ असते. म्हणून एक आस तुटला तर बाकीचं जाळं उसवत नाही, आणि वजनाने पिशवी लोंबतही नाही. सगळे आस एका मापाचे यावेत म्हणून बोटभर रुंदीची लाकडी फळी मध्ये धरायची, दोरा तिच्यावरून घ्यायचा. नायलॉन गुळगुळीत, गाठ सरकते, म्हणून टोक मेणबत्तीवर धरून वितळवून टाकायचं. पाणी गळून जातं, मासे घरी येईपर्यंत पिशवी कोरडी.

माझ्या मुलीने त्याच पद्धतीने सुती दोऱ्याची खांद्याला लावायची पिशवी केली. कॉलेजात तिला सगळ्या विचारतात कुठून घेतलीस. तिने माझं नाव सांगितलं, ते मला फार बरं वाटलं.

रत्नागिरी

मी शालीबद्दल लिहिते, जरा लांबेल.

माझे यजमान जहाजावर होते. 1991 साली त्यांचं जहाज स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवरच्या लर्विक बंदरात काही दिवस थांबलं होतं. तिथल्या मेंढ्यांची लोकर फार बारीक, आणि तिथल्या बायका जाळीच्या शाली विणण्यात पिढ्यानपिढ्या तरबेज. अंस्ट नावाच्या बेटावर तर अशा शाली होतात की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते. यजमानांनी पांढऱ्या लोकरीचे गुंडे आणले, आणि दुकानातल्या बाईने एका कागदावर लिहून दिलेली वीण. सगळी इंग्रजी आद्याक्षरं. मला पंधरा दिवस लागले ती उलगडायला, रोज दुपारी मागच्या पडवीत बसून, चुकलं की उसवून.

वीण अशी. 18 टाक्यांचा एक भाग. पहिली सुई, म्हणजे पहिली ओळ, सगळी सुलट, दुसरी उलट. तिसऱ्या सुईला दोन-दोन टाके एकत्र, असं तीनदा. मग लोकर सुईवरून घेऊन एक सुलट, असं सहादा. मग पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. चौथी सुई सुलट. ती झाली की परत पहिलीपासून. दोन्ही कडांना तीन-तीन कमी होतात, मधे सहा वाढतात, म्हणून मोजाल तेव्हा 18 च भरतात. पण टाके एका जागी दाटतात आणि दुसऱ्या जागी फाकतात, त्यामुळे वीण वाकत जाते. आठ-दहा वेळा झालं की सुईखाली लाटा दिसायला लागतात. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत रेघा राहतात ना, हुबेहूब तशा. इतक्या लांबच्या थंड बेटावरच्या बाईलाही समुद्राजवळ बसून हेच दिसलं असेल, असं मनात आलं आणि मी पडवीतच रडले होते.

पाच भागांचे 90 आणि काठाचे तीन-तीन, असे 96 टाके मी घातले. जाळीच्या कामात एक टाका गळला तर खाली पळत जातो आणि परत उचलणं फार कठीण. म्हणून दर आठ सुयांनी सगळ्या टाक्यांतून शिवणाचा दोरा ओवून ठेवायची. काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं.

फसलं ते शेवटी. जाळीची शाल सुईवरून काढली की चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ती भिजवून, पंच्यात दाबून, ताणून टाचण्या लावून वाळवली की मगच जाळी उघडते. मी हे केलं ऑगस्टमध्ये. तीन दिवस शाल गादीवर टाचलेली, वाळेचना, आणि काढली तेव्हा कडेने प्रत्येक टाचणीच्या जागी गंजाचा ठिपका. चाळीसेक तरी असतील. लिंबू आणि मीठ लावून बरेच फिके झाले, काही अजून आहेत. सासूबाई म्हणाल्या, "टाचण्या कशाला हव्यात? हीर घे की." माडाच्या झावळीचे लांब हीर चाकूने तासून, खोबरेल लावून पुसून घेतले आणि कडेच्या टाक्यांतून ओवले. चार हिरांची चौकट झाली, ती दोऱ्यांनी चारी बाजूंनी ताणली. कड सरळ, डाग नाही, खर्च नाही. आता पावसाळ्यात मी फक्त विणते आणि शाली ताणते दसऱ्यानंतर.

दापोली

आमच्याकडे थंडी पडते हो! किनाऱ्यावरच्यांना खरं वाटत नाही. जानेवारीत पहाटे कँपात फिरायला निघाले की मफलर लागतोच. मी निम्मं सूत, निम्मी लोकर असलेला दोरा घेते, 9 नंबरची सुई, साबुदाणा वीण. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा वळत नाहीत. रत्नागिरीच्या काकू, हिरांचं लिहून ठेवलं.

चिपळूण

माझ्याकडे विणकामाचं कपाट होतं. तेवीस वर्षं जमवलेलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि कपाट खाली. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर सगळं एका रंगाचं, चिखलाच्या. त्यात माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी विणायला घेतलेली शाल सुईसकट होती.

मला माफ करा, पण त्या दिवसांत शाल हा काही दुःखाचा विषय नव्हता, शेजाऱ्यांची दुकानंच्या दुकानं गेली होती. म्हणून कुणाला बोलले नाही. आज लिहिते. चिखल निघावा म्हणून मी सगळं गरम पाण्यात घालून हाताने चोळून धुतलं. अ‍ॅक्रिलिकचे गुंडे वाचले. सुती लेस वाचली. खरी लोकर मात्र आटून जाड, कडक झाली, टाका वेगळा ओळखू येईना. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि चोळणं दोन्ही मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मग कधीच सुटत नाहीत. थंड पाण्यात नुसती बुडवून ठेवली असती तर कदाचित वाचली असती. हे कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिलं.

त्यानंतर मी सुई हातात घेतलेली नाही.

अलिबाग

कसरीबद्दल कुणी लिहिलं नाही. कसर खऱ्या लोकरीला लागते, अ‍ॅक्रिलिकला आणि सुताला नाही, आणि घामाचे, जेवणाचे डाग असतील तिथे आधी. त्यामुळे धुऊन, खडखडीत वाळवूनच ठेवायचं. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं एकदा बाहेर काढायचं. वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आपल्या हवेत बुरशी येते.

सावंतवाडी

मी विकते, म्हणून किमतीचं बोलते. पर्यटक पिशवी हातात घेतात, उलटीसुलटी करतात आणि म्हणतात, "मशीनवरची दोनशेला मिळते." सुयांवरचं काम मशीनवर होतं, पण खरं क्रोशाचं काम अजूनही हातानेच होतं. म्हणजे ती दोनशेची पिशवीसुद्धा कुठल्यातरी बाईने बसून केलेली असते. तिच्या हातात काय पडलं असेल? मी आता हे प्रत्येकाला शांतपणे सांगते. काही जण पिशवी खाली ठेवून जातात, काही जण गप्प होतात आणि पैसे काढतात.

एका दुकानदाराने विक्रीसाठी बारा स्कार्फ ठेवून घेतले होते. चार महिन्यांनी दहा परत आले, काचेतल्या उन्हाने एका बाजूने विटलेले, आणि त्याचे पैसे मागायचे नाहीत असं त्याचं म्हणणं. आता आधी पैसे, मग माल.

चिपळूण

रत्नागिरीच्या ताई, तुमची लाटांची वीण दोनदा वाचली. वाचलेल्या अ‍ॅक्रिलिकची करता येईल का? नात आता तीन वर्षांची आहे, अख्खी शाल नको, स्कार्फ पुरेल.

रत्नागिरी

ताई, अ‍ॅक्रिलिकची वीण होईल, पण ती भिजवून ताणली तरी वाळल्यावर परत मिटते, जाळी उघडी राहत नाही. स्कार्फला दोन भाग पुरे, 36 आणि काठाचे सहा, 42 टाके घाला. माझ्याकडे त्या पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे उरलेत, इतकी वर्षं वेखंडात ठेवलेले, कसर नाही. लहान मुलीच्या स्कार्फला पुरतील. एसटीच्या पार्सलने पाठवते, सोबत चार हीर तासून देते. धुवायचं मात्र थंड पाण्यात.